इतिहासाचार्य राजवाडे

खानदेशाच्या उत्तरेस सातपुड्याची उंच भिंत उभी आहे आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग पसरली आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता लळिंगच्या किल्ल्याखालून पांझराकाठच्या धुळे शहरात येतो आणि पुढे सातपुडा ओलांडून माळव्यात उतरतो. चाळीसगावाहून कन्नडचा घाट चढला की मराठवाड्याचे पठार लागते. अशा घाटवाटांनी महाराष्ट्रात शतकानुशतके व्यापाऱ्यांचे तांडे, सैन्ये आणि यात्रेकरू ये-जा करीत आले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या वाटांवर एक निराळाच प्रवासी दिसू लागला. त्याच्यापाशी विकावयाचा माल नव्हता आणि त्याला कोणत्या देवाचा नवसही फेडावयाचा नव्हता. गावात शिरताच तो एकच चौकशी करी : ह्या गावात जुने कागद कोणाच्या घरी आहेत?

हा प्रवासी म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसई ह्या गावी झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पदवीपर्यंत शिक्षण घेतले, काही काळ शिक्षकाचे काम केले आणि उत्तम परकीय ग्रंथ मराठीत यावेत म्हणून ‘भाषांतर’ नावाचे मासिकही चालविले. ऐन तारुण्यात पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. नोकरीही पुन्हा धरली नाही.

पुढील आयुष्याला वळण लावणारी घटना वाईस घडली. तेथील एका घराण्यात जपून ठेवलेली पेशवेकालीन पत्रे त्यांच्या हाती आली. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतील कितीतरी पत्रे त्यांत होती. कोणी रसद मागितली होती, कोणी पैशाची निकड कळविली होती, कोणी शत्रूच्या हालचालींची बातमी दिली होती. तोवर मराठ्यांचा इतिहास वाचावयाचा, तर ग्रँट डफ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८२६ सालच्या ग्रंथाकडे प्रथम वळावे लागे. आता त्या काळची माणसे स्वतःच्याच अक्षरात बोलू लागली. १८९८ साली राजवाड्यांनी ही पत्रे विस्तृत प्रस्तावनेसह छापली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा तो पहिला खंड होय. तिचे असे बावीस खंड निघाले.

वाईस जे सापडले ते इतरत्रही असलेच पाहिजे, हे राजवाड्यांनी ओळखले. पण ते फार दिवस टिकणार नाही, हेही त्यांना दिसत होते. वाड्यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत आणि तळघरांत कागदांची दप्तरे रुमालांत बांधून पडलेली असत. त्यांवर पावसाचे पाणी गळे, वाळवी लागे, उंदीर ती कुरतडून टाकीत. मोडी लिपी वाचणारी माणसे घरोघर कमी होत चालली होती. वाचताच येत नाही तो कागद रद्दीच्या भावाने वाण्याकडे जाई आणि त्याच्या पुड्या बांधल्या जात. शिवकालापासून जपलेले एखादे पत्र अशा रीतीने एका दिवसात नाहीसे होई. तेव्हा शर्यत होती ती वाळवीशी.

म्हणून राजवाडे चालू लागले. आगगाडी जाई तेथवर ते आगगाडीने जात आणि पुढे पायी निघत. कोकणातील खाड्या, सह्याद्रीचे घाट, देशावरील उन्हाने तापलेली माळराने अशी त्यांची पायपीट वर्षानुवर्षे चालली. बरोबर सामान अगदी थोडे असे, आणि अन्न ते स्वतःच्या हाताने रांधून खात. त्याच काळात दूर फ्रान्समध्ये सायकलीवरून देशाला वळसा घालण्याची मोठी शर्यत सुरू झाली होती. ती १९०३ साली प्रथम झाली आणि १९१० साली पिरेनीज पर्वताचे बिकट चढही तिच्या मार्गात आले. तेथील सायकलस्वारांचे कौतुक करावयास रस्त्याच्या दुतर्फा लोक जमत. राजवाड्यांच्या वाटेवर कोणी उभे नसे. आणि ज्या गावी त्यांना जावयाचे असे, तेथे पुष्कळदा बैलगाडीही धड पोहोचत नसे, मग सायकल कोठली?

घाट चढणे सोपे वाटावे इतके पुढचे काम कठीण होते. कागद आहेत हे कबूल करावयासच लोक तयार नसत. इंग्रज सरकारने पूर्वी इनामांची चौकशी करून अनेकांची इनामे काढून घेतली होती. तेव्हापासून, जुने कागद दाखविले की वतन जाते, अशी भीती जुन्या घराण्यांच्या मनात बसली होती. शिवाय भाऊबंदकीचे तंटे होतेच. एका भावाने दप्तर दाखवावे म्हटले, तर दुसरा आडवा येई. राजवाड्यांचा स्वभाव मुळात तापट. आपले मत ते कोणाचीही भीड न धरता मांडीत आणि त्यामुळे स्नेहीही दुखावले जात. तथापि कागदासाठी हाच माणूस त्याच त्या दारी पुनःपुन्हा जाई.

कागद मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या पत्रांवर पुष्कळदा मुसलमानी महिना व चंद्राची तारीख असते, पण वर्ष नसते. मग ते पत्र कोणत्या सालचे हे कसे ठरवावयाचे? मुसलमानी वर्ष केवळ चंद्रावर चालते व ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे त्यातील प्रत्येक महिना मागे मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. समजा, पत्रात रज्जब महिना आहे आणि नदीला पूर आल्यामुळे फौज अडकली, असा मजकूर आहे. तर रज्जब महिना पावसाळ्यात येणारी वर्षे थोडीच निघतात. त्यात वार दिला असेल किंवा एखाद्या सरदाराचे नाव आले असेल, तर नेमके वर्षही हाती लागते. अशा खटपटीने राजवाडे एकेका पत्राला त्याचे स्थान मिळवून देत. हे काम एकट्याने आटोपणारे नव्हे, म्हणून १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तीत खंडेराव मेहेंदळे ह्यांच्यासह राजवाड्यांचा पुढाकार होता.

चालता चालता राजवाड्यांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले. वाटेवरची गावे, नद्या आणि डोंगर ह्यांची नावे हाही एक जुना दस्तऐवजच आहे, आणि त्याला वाळवी लागत नाही. ह्या नावांवरून प्राचीन काळी महाराष्ट्रात कोण लोक आले व कोठे वसले, ह्याचा ते शोध घेऊ लागले. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती पुढच्या विद्वानांनी मान्य केल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले. कल्पनेच्या भरात राजवाडे कधी कधी पुराव्याच्या फार पुढे निघून जात. परंतु गावाच्या नावाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याची सवय त्यांनीच अनेकांना लावली.

धुळ्याशी त्यांचा संबंध जुना होता. समर्थ रामदासांच्या वाङ्मयासाठी झटणारे शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्याचेच. पुण्याच्या मंडळींशी मतभेद झाल्यावर आयुष्याच्या अखेरीस राजवाडे धुळ्यास येऊन राहिले. वय साठीच्या पुढे गेले होते, पण विश्रांती ठाऊकच नव्हती. मराठी क्रियापदांची मुळे शोधणारा एक मोठा धातुकोश त्यांनी हाती घेतला होता. तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले.

मागे घरदार नव्हते, धनही नव्हते. जन्मभर जमविलेले कागद आणि हस्तलिखिते मात्र होती. ती पुन्हा विखुरली जाऊ नयेत म्हणून धुळ्यातील स्नेह्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. १९३७ साली त्यांचा धातुकोश प्रसिद्ध झाला, आणि पाच वर्षांनी, १९४२ साली, नामे व इतर शब्द ह्यांच्या व्युत्पत्तीचा दुसरा कोशही बाहेर पडला.