बर्फ वाटणारे रूझवेल्ट

थिओडोर रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील सधन घरात झाला. लहानपणी दम्याने त्यांना बेजार केले होते. पुढे व्यायामाने त्यांनी शरीर कमावले. १८९५ मध्ये ते शहराच्या पोलिस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष झाले.

ऑगस्ट १८९६ मध्ये न्यूयॉर्कवर सुमारे दहा दिवस उष्णतेची लाट होती. पारा ३२ अंशांच्या वर आणि हवा दमट. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. गरिबांच्या दाटीवाटीच्या इमारती रात्रीही तापलेल्या असत. रात्री गारवा मिळाला नाही तर हृदयावरचा ताण उतरत नाही. लाट लांबली की मृत्यू वाढतात ते यामुळे. लोक गच्चीवर झोपत; काही जण झोपेत खाली पडून दगावले. लाटेने अनेक बळी घेतले. त्यांत कष्टकरी मोठ्या संख्येने होते.

विकतचा बर्फ गरिबांना परवडत नसे. तो पोलिस ठाण्यांतून मोफत वाटला गेला. रूझवेल्ट यांनी या वाटपावर जातीने लक्ष ठेवले.

१९०१ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. ६ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शरीर लवकर थंड करणे हाच आजही उष्माघातावरचा पहिला उपचार आहे. अंग तापून माणूस बरळू लागला, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ ठेवावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.