दोरीने मोजलेलं आकाश

न्यूयॉर्क ते पॅरिस अंतर किती? कॉम्प्युटरला विचारलं तर सेकंदात उत्तर येतं : सुमारे ५,८०० किलोमीटर, विमानाने साधारण सात तास. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने मात्र हे अंतर लायब्ररीतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरी धरून मोजलं! सोबत होता त्याच्या विमानाचा डिझायनर डोनाल्ड हॉल. उत्तर आलं ३,६०० मैल. किती पेट्रोल लागणार, टाक्या केवढ्या, पंख केवढे, सगळं या आकड्यावरून ठरलं.

चार्ल्सचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ चा, डेट्रॉइटमधला. तोही आपल्यासारखा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला, विस्कॉन्सिन विद्यापीठात. पण वर्गात काही मन रमेना. १९२२ मध्ये कॉलेज सोडलं आणि विमान उडवायला शिकला. पुढे सेंट लुईस ते शिकागो टपालाचं विमान चालवू लागला. न्यूयॉर्क-पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५,००० डॉलरचं ऑर्टिग बक्षीस जाहीर झालेलं होतं. त्या नादात अनुभवी वैमानिकांचेही जीव गेले होते.

सपाट नकाशावरची सरळ रेघ ही गोल पृथ्वीवरची जवळची वाट नसते. जवळची वाट उत्तरेला वाकून न्यूफाउंडलंडवरून जाते. लिंडबर्गने त्या वाटेचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला होकायंत्राची दिशा थोडी बदलायची. वजन वाचवायला रेडिओ नाही, पॅराशूट नाही. मोठी टाकी पुढे बसवल्यामुळे समोरचं थेट दिसतही नव्हतं!

२० मे १९२७ ला सकाळी ७.५२ वाजता तो एकटाच निघाला. आदल्या रात्री झोप नव्हती. वाटेत धुकं, पंखांवर बर्फ आणि सगळ्यात मोठी शत्रू म्हणजे झोप. तरी आयर्लंडचा किनारा ठरवलेल्या जागेपासून अगदी जवळ लागला. २१ मे च्या रात्री १०.२२ ला तो पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. साडेतेहतीस तास! निघताना सुमारे १,७०० लिटर पेट्रोल होतं, त्यातलं ३०० लिटरच्या वर उरलंसुद्धा.

पुढचं आयुष्य मात्र सोपं नव्हतं. १९३२ मध्ये त्याच्या लहान मुलाला पळवून मारण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून तो भाषणं देत फिरला. १९४१ मध्ये ज्यूंविरुद्ध बोलला आणि लोकांच्या मनातून उतरला. ते बरोबरच झालं. आकाशातली दिशा अचूक ओळखणारा माणूस जमिनीवर चुकू शकतो. २६ ऑगस्ट १९७४ ला हवाई बेटांवर तो वारला.

कॉलेज सोडलं म्हणून तो मोठा झाला, असं कृपया कोणी घरी सांगू नका! कॉलेज सोडल्यावरही त्याने हिशोब सोडला नव्हता. मी स्वतः सबमिशनच्या आदल्या रात्री उत्तरावरून उलटी रीडिंग्ज बसवली आहेत. सरांनी सहीही केली. पण त्या रीडिंग्जच्या भरवशावर मी समुद्र ओलांडायला निघेन का? जर्नल उघडलं की हल्ली हा प्रश्न पडतो.