बारा देशांचं पाणी प्यालेले प्रशिक्षक : बेला गुटमन

कणकुंबीहून चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि गोवा म्हटलं की फुटबॉल. त्या गोव्यावर पोर्तुगालचा अंमल होता तेव्हा, मे १९६१ मध्ये, लिस्बनच्या बेन्फिका क्लबने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते बेला गुटमन. आपल्या मुलांना त्यांची ओळख असावी म्हणून हा लेख.

गुटमन यांचा जन्म १८९९ साली बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबात झाला. आई-वडील नृत्यशिक्षक होते. तरुणपणी ते व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कमध्ये खेळले आणि १९३३ मध्ये प्रशिक्षक झाले. १९३९ मध्ये उयपेस्ट संघाला त्यांनी हंगेरीचं विजेतेपद मिळवून दिलं.

पुढे महायुद्धाने सगळंच हिरावलं. गुटमन काही काळ माळ्यावर लपून राहिले, नंतर सक्तमजुरीच्या छावणीत अडकले आणि तिथून पळाले. त्यांचे वडील आणि बहीण मात्र नाझींच्या हातून मारले गेले.

युद्धानंतर रुमानियात पैशाला किंमत उरली नव्हती, म्हणून त्यांनी पगार भाजीपाल्याच्या रूपात घेतला. पुढे इटलीत मिलान संघ गुणतक्त्यात पहिला असतानाच १९५५ मध्ये त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून, संघ अव्वल असताना मला काढता येणार नाही, असं कलम ते करारात घालू लागले. १९५७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो संघाला त्यांनी राज्य विजेतेपद मिळवून दिलं.

बेन्फिकात त्यांनी मोझांबिकच्या युसेबिओ या तरुणाला आणलं. १९६२ च्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला ५-३ असं हरवून बेन्फिकाने कप राखला. त्यात युसेबिओचे दोन गोल होते. यानंतर गुटमन यांनी पगारवाढ मागितली. क्लबने नकार दिला आणि ते निघून गेले. एका जागी तिसरं वर्ष प्रशिक्षकाला घातक ठरतं, असं त्यांचं मत होतं. आम्हा बँकवाल्यांची तीन वर्षांनी बदली होई, पण पगार आणि पेन्शन मागे उभं असे. त्यांना दर वेळी नव्याने भाव ठरवावा लागे.

जाताना त्यांनी शंभर वर्षांचा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. त्याला लेखी पुरावा नाही. मात्र त्यानंतर बेन्फिकाने युरोपातले आठ अंतिम सामने गमावले, हे खरं. गुटमन १९८१ मध्ये व्हिएन्नात वारले. १९९० चा अंतिम सामना त्याच शहरात होता. सामन्याआधी युसेबिओने त्यांच्या थडग्यापाशी प्रार्थना केली. तरीही बेन्फिका हरलं.

शापाची गोष्ट जगभर पोचली. मूळ तंटा मात्र कामाच्या रास्त मोबदल्याचा होता. दोन वेळा युरोप जिंकून देणाऱ्या माणसाने तो मागितला, यात गैर काहीच नव्हतं.