सायकलवाल्याने ओढून दाखवलं चाकांवरचं घर, त्या गाजलेल्या फोटोमागचा माणूस : वॉली बायम

1947 साल. अमेरिकेत एक फोटो गाजला. आल्फ्रेड लेतुर्नेर हा फ्रेंच सायकलपटू सायकल मारतोय आणि त्याच्यामागून ॲल्युमिनियमचं चकचकीत घर चाकांवर येतंय. लेतुर्नेर काही साधा गडी नव्हता, 1941 मध्ये त्याने सायकलवर ताशी 175 किमीचा वेग गाठला होता. पण लोकांनी लक्षात ठेवलं एवढंच की हा ट्रेलर हलका आहे. एअरस्ट्रीम कंपनीच्या वॉली बायमला तेच हवं होतं.

बायमचा जन्म 4 जुलै 1896 चा, ओरेगॉनमधल्या बेकर सिटीतला. पोरवयात तो मेंढरं राखायचा आणि राहायचा गाढवाने ओढायच्या दोन चाकी गाडीत. आत रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याची बादली आणि अंथरूण. गाढवाला झेपेल तेवढाच संसार!

पुढे तो स्टॅनफर्डला शिकला आणि लॉस एंजेलिसला जाहिराती, मासिकं यांत शिरला. मासिकात ट्रेलर बनवायचा आराखडा छापला, तर तो सदोष निघाला आणि वाचकांच्या तक्रारी आल्या. मग त्याने स्वतःच ट्रेलर बनवायला घेतला. बायकोला स्वयंपाकघराशिवाय कॅम्पिंग नको होतं, हेही एक कारण होतंच.

त्याच सुमारास हॉली बोलस नावाचा एक विमानवाला रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचे ट्रेलर बनवत होता. लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारा तो हाच. बायमने आधी त्याचे ट्रेलर विकले. बोलसचा धंदा बसल्यावर त्याच धर्तीवर 1936 मध्ये स्वतःचा 'क्लिपर' आणला, किंमत 1,200 डॉलर.

आता त्या फोटोत न दिसणारी गोष्ट. सपाट रस्त्यावर ट्रेलर ओढणं वेगळं आणि घाटात तो थांबवणं वेगळं. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावरून थेट गाडीच्या अंगावर येतो. तो कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हेलकावतो, जास्त झाला तर गाडीची पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

समजा, पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून ट्रेलर 3,000 किलोचा झाला. म्हणजे हुकावर 300 ते 450 किलो. पिकअपमध्ये पाच माणसं आणि सामान मिळून 350 किलो. हुकावर 450 किलो आले, तर एकूण 800. पिकअपची अंगावर भार घ्यायची क्षमता 700 किलो असेल, तर ती 4,000 किलो ओढू शकते असं कंपनीने कितीही छापलेलं असो, ही जोडी जमत नाही.

1951 मध्ये बायम 63 ट्रेलरचा ताफा घेऊन टेक्सासहून मध्य अमेरिकेकडे निघाला. निकाराग्वातल्या मानाग्वापर्यंत पोचले फक्त 14. फोटोतला सपाट रस्ता तिथे नव्हता.

पण गडी थांबला नाही. 1959 मध्ये केप टाउनहून कैरोसाठी 41 ट्रेलर निघाले. यावेळी बऱ्याच ट्रेलरपुढे दणकट पिकअप ट्रक होते. चिखल, वाळवंट पार करत ताफा 1960 मध्ये पिरॅमिडपाशी पोचला आणि तिथे ट्रेलर गोलाकार लावून मुक्काम पडला. जुलै 1962 मध्ये बायम गेला, वयाच्या 66 व्या वर्षी.