रेव्ह. सॅमसन ऑकम : मोहिगन लोकांतील पाळक

अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांस गोरे लोक इंडियन म्हणत आले. कोलंबस हिंदुस्थानच्या शोधास निघाला आणि भलत्याच किनाऱ्यास लागला, त्या चुकीवरून हे नाव पडले. एरवी त्या लोकांचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. तथापि त्यांच्यातील मोहिगन नावाच्या एका लहानशा जमातीत जन्मलेले रेव्ह. सॅमसन ऑकम यांचे चरित्र आमच्या खेडेगावच्या मंडळ्यांनी, व विशेषेकरून उपदेशकांनी, ऐकावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. ज्या न्यू इंग्लंडमधून रेव्ह. गॉर्डन हॉल व रेव्ह. सॅम्युअल नॉट हे १८१३ साली मुंबईस आले, त्याच भूमीवर त्यांच्या आधी दोन पिढ्या ऑकम वाढले.

त्यांचा जन्म १७२३ साली कनेक्टिकटमध्ये, न्यू लंडन गावाजवळच्या नदीकाठी झाला. आईबाप पूर्वजांच्या रीतीने शिकार व मासेमारी करून राहत. त्यांचे घर म्हणजे विगवॅम. वाकविलेल्या काठ्यांवर साली व चटया पसरून केलेली झोपडी. इंग्रज त्या देशात येऊन शंभर वर्षे होत आली होती. रान तुटत होते आणि मोहिगनांची जमीन वर्षानुवर्षे आखडत होती. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा एक गोरा उपदेशक येई व लोक त्याचे ऐकावयास जमत. परंतु ते धर्माच्या आवडीने नव्हे, तर थंडीच्या आधी दरसाल घोंगड्या वाटल्या जात म्हणून. ही गोष्ट ऑकम यांनीच आपल्या हाताने लिहून ठेविली आहे. आपल्या लोकांची अब्रू झाकावी म्हणून त्यांनी ती गाळली नाही, आणि देणाऱ्यांस बरे वाटावे म्हणून तिला रंगही चढविला नाही.

ते सोळासतरा वर्षांचे असता न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांत मोठी धर्मजागृती झाली. तिचे वारे मोहिगनांच्या झोपड्यांपर्यंत पोहोचले. मुलाच्या मनास आपल्या पापाची ओळख पटली व पुढे तारणाऱ्याचीही. त्याची आई सेरा हीही विश्वासात आली. वाचता यावे अशी त्यास तळमळ लागली, तेव्हा कोठून तरी एक बाराखडीचे पुस्तक मिळवून तो इंग्रज शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन अक्षरे विचारू लागला. १७४३ च्या अखेरीस लेबनन गावचे पाळक एलेझर व्हीलॉक यांच्याकडे तो दोनतीन आठवड्यांच्या बोलीवर शिकावयास गेला आणि चार वर्षे राहिला. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक व थोडी हिब्रू भाषा एवढे शिक्षण झाले. पुढे डोळे बिघडल्यामुळे कॉलेजात जाण्याची आशा सोडावी लागली. व्हीलॉक यांचे हे ऋण ऑकम यांनी कधी नाकारले नाही, ही गोष्ट पुढील मजकूर वाचताना वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१७४९ साली ते लाँग आयलंड बेटाच्या पूर्व टोकास मॉन्टॉक लोकांत शाळा चालविण्यास गेले. तेथे त्यांनी बारा वर्षे काढली, आणि आम्हांस विचाराल तर त्यांच्या आयुष्याचा सर्वांत गोड भाग हाच. मुलांस अक्षरे लवकर ओळखू येत नाहीत असे पाहून त्यांनी देवदाराच्या ढलप्यांवर एकेक अक्षर चिकटविले. ढलप्या बाकावर पसरून मूल अमुक अक्षर शोधून आणते की नाही हे ते पाहत. मग सर्व अक्षरांची रास करून ती ओळीने लावावयास सांगत. सकाळदुपार शाळा, रविवारी तीन वेळा उपासना, आठवड्यात रात्रीची प्रार्थनासभा, आजाऱ्यांची भेट, प्रेतक्रिया, आणि भांडणतंटा निघाला म्हणजे निवाडाही त्यांनीच करावयाचा.

तेथेच १७५१ साली मॉन्टॉक कुळातील मेरी फाउलर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांस दहा मुले झाली. ते विगवॅमातच राहत. उन्हाळ्यात शेताजवळ व हिवाळ्यात जळणाजवळ असे वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवीत. स्वतः नांगरट करीत, डुकरे पाळीत, मासे मारीत, बंदूक घेऊन पाखरे आणीत. लाकडाचे चमचे, बादल्या व लोणी घुसळण्याची भांडी करून विकीत, बंदुकांचे दस्ते बसवीत, शेजारच्या गोऱ्यांची जुनी पुस्तके बांधून देत. एका मॉन्टॉक वैद्यापासून मुळ्यापाल्यांची औषधे शिकून त्यांनी ती १७५४ साली वहीत टिपून ठेविली. लॅटिन शिकलेल्या मनुष्याने आजीबाईच्या बटव्यातील पाला लिहून घ्यावा, हे आमच्यातील किती शिकलेल्यांस रुचेल? दोनचार इयत्ता इंग्रजी झाली की आईची भाषा कानास जड लागणारे तरुण आम्ही पाहिले आहेत.

हे सर्व कष्ट हौसेचे नव्हते. बोस्टनच्या मिशनकमिटीकडून त्यांस काही काळाने वर्षास पंधरा पौंड मिळू लागले. बारा वर्षांची एकूण रक्कम १८० पौंड झाली. त्याच कमिटीने एका तरुण गोऱ्या मिशनरीस एका वर्षासाठी शंभर पौंड, त्याच्या दुभाष्यास पन्नास व ओळख करून देणाऱ्या माणसास तीस दिले. म्हणजे एका वर्षात १८० पौंड. ऑकम यांस दुभाष्या लागत नव्हता आणि ओळख करून देणाराही लागत नव्हता. शाळामास्तर तेच आणि उपदेशकही तेच. १७६८ साली आपली हकिकत लिहिताना त्यांनी हा हिशेब मांडला, आणि त्याच्या शेवटी एका इंडियन पोराची गोष्ट सांगितली. ते पोर एका इंग्रजाच्या घरी चाकरीस होते. नांगराची जनावरे हाकताना वरचा गडी त्यास बहुतेक रोज मारी. का मारतो असे धन्याने विचारता पोर म्हणाले की, मला याहून चांगले हाकता येत नाही म्हणून मारीत असेल. परंतु पुष्कळदा मी इंडियन आहे एवढ्याकरिताच मारतो. ऑकम यांनी आपलीही गोष्ट तीच असल्याचे लिहिले, व आपणास देवाने इंडियन केले, आपण स्वतःस केले नाही, एवढे नम्रपणे जोडले. संतापाचा एक शब्द त्यात नाही. पण त्या हिशेबाची उत्तरे देणे कमिटीस सोपे गेले नसते.

१७५९ च्या ऑगस्टात लाँग आयलंडच्या प्रेसबिटरीने त्यांस पाळकपदाची दीक्षा दिली. नंतर ओनायडा लोकांत सुवार्ता सांगण्यासाठी त्यांनी लांबचे प्रवास केले व १७६४ साली मोहिगनास परत आले. तेथे जमिनीचा जुना दावा चालू होता. मोहिगनांचे म्हणणे की कनेक्टिकट सरकारने आमची भूमी अन्यायाने बळकाविली. ऑकम यांनी आपल्या लोकांची बाजू धरली, तेव्हा पाळकाने अशा भानगडीत पडू नये असे त्यांस बजावण्यात आले व क्षमापत्रही लिहून घेण्यात आले. जमीन घेणाऱ्यांतही पाळकांचे सोयरेधायरे होते. त्यांस मात्र हा उपदेश कोणी केल्याचे ऐकिवात नाही. दावा इंग्लंडपर्यंत गेला आणि १७७३ साली मोहिगन हरले.

दरम्यान व्हीलॉक यांनी इंडियन मुलांसाठी धर्मार्थ शाळा काढली होती. तिला पैसा हवा होता. १७६५ च्या डिसेंबरात ऑकम यांस रेव्ह. नॅथॅनिएल व्हिटकर यांजबरोबर इंग्लंडास पाठविण्यात आले. निघण्यापूर्वीच विरोधकांनी आवई उठविली की हा मोहिगन नव्हेच, व मिरविण्यासाठी नुकताच ख्रिस्ती केलेला कोणी तरी आहे. त्यामुळे त्यांस आपला जन्म व विश्वास यांचा दाखला लिहून द्यावा लागला. लंडनला जॉर्ज व्हिटफील्ड यांच्या प्रार्थनामंदिरात त्यांचा पहिला उपदेश झाला, आणि मग दोन वर्षांत इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये तीनशेंवर उपदेश झाले. राजा तिसरा जॉर्ज याने २०० पौंड दिले. एकूण सुमारे बारा हजार पौंड जमले. त्या काळी वसाहतीच्या कोणत्याही कामासाठी एवढी रक्कम क्वचितच मिळाली असेल. लोक उपदेश ऐकण्यास येत तसे इंडियन मनुष्य पाहण्यासही येत, हे त्यांस समजत होते. परक्या देशात आपण लोकांच्या बघण्याचा आणि हसण्याचाही विषय झालो, असे त्यांनी पुढे लिहिले; गरीब भावंडांच्या मुलांसाठी म्हणून ते सोसले.

१७६८ साली परत आले तो बायकामुले हालात. त्यांचा सांभाळ करण्याचे वचन व्हीलॉक यांनी दिले होते. मेरीने त्या दोन वर्षांत काय काय सोसले त्याची हकिकत कोणत्याच कमिटीच्या अहवालात नाही. शिवाय ऑकम दारू पितात अशी कुजबूज सुरू झाली. प्रेसबिटरीने १७६९ साली चौकशी करून त्यांस निर्दोष ठरविले, तरी डाग लावणाऱ्यांचे काम होऊन गेले होते.

सर्वांत मोठा घाव मात्र पुढेच होता. १७६९ च्या डिसेंबरात व्हीलॉक यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये कॉलेजची सनद मिळविली व त्यास डार्टमथ हे नाव दिले. सनदेत इंडियन तरुणांचे नाव आधी होते, पण वर्गांत गोरे तरुणच भरू लागले. आपल्या शिष्यांपैकी पुष्कळजण रानात परत गेले, असे म्हणून व्हीलॉक निराश झाले होते. कोवळी मुले आईबापांपासून तोडावी, त्यांची भाषा व चालीरीती मोडाव्या आणि अभ्यासाच्या जोडीस आपल्या शेतावर राबवावे, हा त्यांचा क्रम. त्याने मुले निराश झाली नसतील काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारलेला दिसत नाही. १७७१ साली ऑकम यांनी त्यांस पत्र लिहिले. विद्यालयास लॅटिनमध्ये पोसणारी माता म्हणतात. त्या शब्दाचे एकच अक्षर बदलले की गोरी माता असा अर्थ होतो. ही माता इतकी गोरी निघेल की काळवंडलेल्या लेकरांस पाजणार नाही, अशी आपणास भीती वाटते, असे त्यांनी गुरूच्याच शिकविलेल्या भाषेत गुरूस कळविले. आणि इंग्लंडातल्या दात्यांनी पैसा कोणाकरिता दिला याची आठवण करून दिली. तेथून दोघांचा संबंध तुटला. त्यांची भीती खरी ठरली : त्या कॉलेजच्या पहिल्या दोनशे वर्षांत तेथून अवघे १९ मूळ रहिवासी पदवीधर झाले. १९७० साली कॉलेजने ही चूक सुधारण्याचे ठरविले व त्या लोकांच्या मुलांस आग्रहाने बोलावू लागले.

ऑकम यांनी रडत बसणे पत्करिले नाही. १७७२ च्या सप्टेंबरात न्यू हेवन येथे मोझेस पॉल नावाच्या इंडियनास फाशी द्यावयाचे होते; त्याने दारूच्या नशेत एका गोऱ्याचा खून केला होता. त्याच्याच विनंतीवरून ऑकम यांनी उपदेश केला. जमलेले गोरे, मरणाऱ्याचे भाऊबंद व स्वतः तो अपराधी, तिघांशीही ते वेगवेगळे बोलले. आपल्या लोकांस दारूबद्दल कठोर शब्द सांगितले, आणि ती पाजून त्यांस लुबाडणाऱ्यांसही सोडले नाही. तो उपदेश छापून निघाला व त्याच्या आवृत्तींवर आवृत्ती निघाल्या. १७७४ साली त्यांनी गीतसंग्रहही छापला.

त्या सुमारास किनाऱ्यालगतच्या सात इंडियन वस्त्यांतील ख्रिस्ती लोकांनी एकत्र होऊन पश्चिमेस नवे गाव वसवावे, हा विचार पक्का होत होता. १७७४ साली ओनायडा लोकांनी त्यांस जमीन दिली. मध्यंतरी अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध झाले. ते संपल्यावर १७८५ साली गावाची स्थापना होऊन त्यास ब्रदरटाउन, म्हणजे भावांचे गाव, असे नाव मिळाले. स्वतःची जमीन, स्वतःचे पंच, स्वतःची मंडळी, पाळकही आपल्यातला.

परंतु येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या जमिनीच्या दानपत्रात अशी अट होती की, ज्यांच्या अंगी आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या लोकांचे रक्त मिसळले असेल त्यांस त्या भूमीवर हक्क नाही. भावांच्या गावास ही अट मान्य झाली. गोऱ्यांनी कातडीवरून माणसाची किंमत केली म्हणून ज्यांचे काळीज पोळले, त्यांनीच आपल्या वेशीवर तोच तराजू टांगला. ऑकम यांनी एका उपदेशात गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा कडक शब्दांत निषेध केला आहे. व्हीलॉक यांच्या घरीही गुलाम होते. तरीही ती अट राहिली. हे चरित्र लिहिताना आमचा हात येथे थांबला. गावकुसाबाहेरचे दुःख आम्ही जाणतो. आणि सोयरिकीच्या बैठकीत, भाकर एका पंगतीस मोडून झाल्यावर, मुलीच्या आजोबांची पूर्वीची जात हळूच विचारणारे आमच्याच मंडळ्यांत आहेत.

१७८९ साली ऑकम यांनी मोहिगन सोडून ओनायडा प्रदेशात कायमचे बिऱ्हाड नेले. एल्म झाडाच्या सालीची एक पेटी मोहिगन लोकांनी जपून ठेविली आहे. तिच्यावर त्यांच्या पूर्वजांची नक्षी कोरलेली आहे, आणि ती ऑकम यांनी तिकडून आपल्या बहिणीस, लूसीस, पाठविली असे मानतात. १४ जुलै १७९२ रोजी न्यू स्टॉकब्रिज येथे ते प्रभूमध्ये निजले. तीनशेंवर मूळ रहिवासी त्यांच्या पुरण्यास जमले होते, आणि व्हीलॉक यांचेच एक जुने शिष्य, मिशनरी सॅम्युअल कर्कलंड, यांनी प्रेतविधीचा उपदेश केला.

त्यांच्या हातची पत्रे, रोजनिशा व उपदेश डार्टमथ कॉलेजच्या संग्रहात होते. २०२२ च्या एप्रिलात कॉलेजचे अधिकारी ते कागद घेऊन नदीकाठच्या मोहिगन गावी गेले आणि त्यांनी ते मोहिगन लोकांच्या स्वाधीन केले.