मुकुटापलीकडची नूतन

महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाचे दिवस आले की सौंदर्यस्पर्धा असावी की नसावी, हा वाद हमखास रंगतो. रूपाचा किताब मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर एका मराठी मुलीच्या आयुष्यात सापडते. १९५२ साली ‘मिस मसुरी’ ठरलेली ती मुलगी म्हणजे नूतन समर्थ.

नूतनचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. वडील कुमारसेन समर्थ चित्रपट-दिग्दर्शक, तर आई शोभना समर्थ ‘रामराज्य’ (१९४३) मधील सीता म्हणून घराघरांत पोहोचलेली अभिनेत्री. एवढ्या देखण्या आईची ही थोरली लेक मात्र सावळी आणि किडकिडीत. त्यावरून लहानपणी तिला बोलणी खावी लागत. तिच्या मनात न्यूनगंड निर्माण झाला नसता तरच नवल! १९५० साली आईनेच ‘हमारी बेटी’ काढून तिला पडद्यावर आणले. पाठोपाठ आलेल्या ‘नगीना’ला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले आणि वय कमी म्हणून खुद्द नायिकेलाच चित्रपटगृहाच्या दारात अडवण्यात आले!

पुढे मसुरीचा किताब मिळाला, पण त्या भांडवलावर ती विसंबून राहिली नाही. १९५३ साली ती शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला गेली. परतली ती तब्येतीने सुधारून आणि आत्मविश्वास घेऊन. अमिय चक्रवर्तींच्या ‘सीमा’त (१९५५) तिने सुधारगृहातील बंडखोर मुलगी उभी केली आणि फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळवले.

१९५८ साली ‘दिल्ली का ठग’मध्ये ती पोहण्याच्या पोशाखात दिसली आणि त्याची बरीच चर्चा झाली. लगेच पुढच्या वर्षी बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त तीच नूतन साध्या सुती साडीत, ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी होऊन आली. नटणे नाही, आक्रोश नाही. घरात वाढूनही घरची न झालेल्या मुलीचे दुःख ती नुसत्या नजरेतून सांगते. याच भूमिकेने तिला दुसरे पारितोषिक मिळवून दिले.

१९५९ सालीच तिने नौदलातील अधिकारी रजनीश बहल यांच्याशी विवाह केला. संसारासाठी चित्रपट सोडण्याचा तिचा विचार बिमलदांनी बदलला आणि ‘बंदिनी’ (१९६३) निर्माण झाला. विष देण्याच्या त्या प्रसंगात लोखंडकामाच्या ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर लपलपत असतो. ती जवळजवळ काहीच बोलत नाही. तरी मनातला सारा झगडा आपल्याला कळतो. रूप आणि अभिनय यांतील अंतर इथे उमगते.

तिच्या वाट्याला दुःखेही आली. आर्थिक व्यवहारावरून मायलेकींत वितुष्ट आले, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. बऱ्याच वर्षांच्या दुराव्यानंतर दोघींचा समेट झाला. काम मात्र चालूच राहिले. ‘मिलन’ (१९६७) नंतर ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) या चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पाचवे पारितोषिक मिळाले, तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. नायिकेला चाळिशीत आईच्या भूमिकेत ढकलणाऱ्या चित्रसृष्टीत ही गोष्ट लहान नव्हे. १९७४ साली तिला पद्मश्री मिळाली होती. पाच पारितोषिकांच्या त्या विक्रमाची बरोबरी २०११ मध्ये तिचीच भाची काजोल हिने केली.

२१ फेब्रुवारी १९९१ रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी, कर्करोगाने तिचे मुंबईत निधन झाले.

मसुरीच्या त्या स्पर्धेत तिच्याबरोबर कोण होत्या, हे आज कोणाला आठवत नाही. नूतन आठवते, ती सुजाता आणि कल्याणी म्हणून. परीक्षकांनी एकदा सुंदर ठरवले म्हणून ती मोठी झाली नाही आणि लहानपणी नातलगांनी कुरूप ठरवले म्हणून ती थांबलीही नाही. आपल्या वर्गातील ज्या मैत्रिणी आरशासमोर उगीच खट्टू होतात, त्यांनी तरी ‘बंदिनी’ एकदा अवश्य पाहावा.