बटाट्याला पानात मान मिळवून देणारा औषधनिर्माता

बटाटेवडा असो, प्रवासातील पुरीभाजी असो की उपवासाचा फराळ, मराठी घराचे बटाट्याशिवाय चालत नाही. पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या या कंदाला आपण उपवासालाही पवित्र मानले. युरोपात मात्र त्याच्या वाट्याला दीर्घकाळ अवहेलनाच आली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये अनेकांच्या लेखी बटाटा म्हणजे डुकरांचे खाद्य होते आणि तो खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, असाही समज होता. हा समज पुसण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते आंत्वान ऑग्युस्तँ पार्मांतिए.

पार्मांतिए यांचा जन्म १२ ऑगस्ट १७३७ रोजी उत्तर फ्रान्समधील माँदिदिए या गावी झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी कोवळ्या वयातच औषधे बनविणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढे सप्तवार्षिक युद्धात ते सैन्याचे औषधनिर्माते झाले आणि एकाहून अधिक वेळा शत्रूच्या हाती सापडले. प्रशियाच्या कैदेत त्यांच्या वाट्याला बटाटे आले. मायदेशी जनावरांपुढे टाकला जाणारा हा कंद दिवसामागून दिवस खाऊनही त्यांची प्रकृती बिघडली नाही. कैदेतील हा अनुभव त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

१७६३ मध्ये युद्ध संपल्यावर ते पॅरिसला परतले आणि १७६६ मध्ये जखमी व वृद्ध सैनिकांसाठी असलेल्या अँव्हालिद या संस्थेत रुजू झाले. १७६९-७० मध्ये फ्रान्समध्ये धान्याची तीव्र टंचाई झाली. त्यानंतर दुष्काळात धान्याऐवजी खाता येतील अशा वनस्पती कोणत्या, या विषयावर बझाँसाँ येथील विद्वत्सभेने निबंधस्पर्धा जाहीर केली. पार्मांतिए यांच्या निबंधाला पारितोषिक मिळाले. १७७३ मध्ये त्यांनी बटाट्याच्या रासायनिक परीक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

सन्मान वाढत असतानाच नोकरीवर संकट आले. अँव्हालिदचा औषधविभाग पूर्वापार सेवाव्रती धर्मभगिनींच्या ताब्यात होता. पार्मांतिए यांना मुख्य औषधनिर्माता नेमल्यावर अधिकाराचा वाद पेटला. त्यांच्या बटाट्याच्या वाफ्यांची जमीनही या भगिनींच्या मालकीची असल्याचे सांगितले जाते. अखेर १७७४ मध्ये त्यांचा अधिकार गेला; वेतन व राहण्याची जागा तेवढी राहिली. दुसरा एखादा खचला असता. पार्मांतिए यांनी मिळालेली सवड संशोधनाला दिली.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील थंड पहाडी मुलखाचा. वसंतात कडाक्याचे दंव सरले की डोळे असलेले बेणे लावायचे, रोप वाढू लागले की बुंध्याशी मातीची भर द्यायची आणि पाने पिवळी पडल्यावर काढणी करायची, एवढ्यावर हे पीक परसातही येते. गारपिटीत उभा गहू झोपतो. पण जमिनीखालचा कंद सहसा वाचतो. हे पटवून देण्यासाठी पार्मांतिए यांनी सोळाव्या लुई राजाकडून पॅरिसजवळील साब्लाँ येथील रेताड माळरान मिळवले. १७८६ च्या सुमारास तेथे बटाटा फुलला. दिवसा पहारा ठेवून रात्री तो मुद्दाम उठवला, मौल्यवान समजून लोकांनी बटाटे पळवले आणि पीक पसरले, ही कथा याच शेताची. इतिहासकार मात्र ती जपूनच सांगतात.

१७८९ मध्ये बटाटा, रताळे आणि सूर्यफुलाच्या कुळातील तोपिनांबूर या तीन कंदांच्या लागवडीवर व उपयोगावर त्यांचा ग्रंथ निघाला. रताळ्याला ऊब लागते, तर तोपिनांबूरचा कंद गोठणाऱ्या जमिनीतही तग धरतो. त्याच वर्षी, भाकरी महागलेली असताना, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजाश्रय लाभलेल्या पार्मांतिए यांच्यावर संशय आला; पण भुकेला बटाटा हवाच होता. राजवाड्याच्या त्विलरी बागेतही बटाटे लावले गेले. पुढे नेपोलियनच्या काळात त्यांनी लष्करी आरोग्यसेवेत उच्च पद भूषविले आणि देवीच्या लसीचा पुरस्कार केला.

१७ डिसेंबर १८१३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पेर लाशेझ दफनभूमीतील त्यांच्या समाधीवर लोक फुलांऐवजी बटाटे ठेवून जातात. फ्रान्समध्ये बटाटा पार्मांतिए यांनी आणला नाही. देशाच्या काही भागांत तो त्यांच्या आधीपासून पिकत होता. त्यांनी मिळवून दिला तो लोकांचा विश्वास. जमिनीत पीक रुजवण्यास एक हंगाम पुरतो. माणसाच्या मनात ते रुजवण्यास त्यांना उभे आयुष्य द्यावे लागले.